सातव्या घरचं पीठ

"याला पीठ म्हणायचं का?" सबोहत-खाला चिमूटभर पीठ खिडकीच्या उजेडात धरून पुटपुटल्या. "बीबीच्या नावानं कुणी दारात आलं की लोकांना नेमका डब्याचा तळ आठवतो. यात किडे निघतील, आणि तेसुद्धा उपाशीपोटी मेलेले."

त्या रुखसोराच्या कानापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या, त्यामुळे ही कुरकुर आधी तिच्याच वाट्याला आली. परातीतल्या पिठावर पाण्याचा हबका मारायचा, दोन तळव्यांत चोळायचं, मुगाएवढ्या गोळ्या पडू द्यायच्या, की पुन्हा हबका. मंगळवारच्या बीबीची पेज अशीच होते, उमोच म्हणतात त्या पेजेला. हाताला काम होतं ते बरं होतं, नाहीतर हात सारखे कोनाड्यातल्या फोनकडे गेले असते.

"खाला, तुमच्या घरचं पीठही त्यातच आहे," चुलीपाशी बसलेली मोहिनूर म्हणाली. रुखसोराची ही धाकटी लेक.

"माझं वेगळं ओळखू येतं."

"ते कसं?"

"लग्न होऊन दुसऱ्याच्या घरी जाशील ना, तेव्हा कळेल तुला, कुणाच्या घरचं पीठ कसं असतं ते."

लग्न हा शब्द खोलीत पडला आणि तसाच पडून राहिला. मोहिनूरनं मान खाली घालून चुलीत एक काडी सारली. तिची गरज नव्हती, जाळ चांगला होता. रुखसोरानं पिठावर जरा जास्तच पाणी मारलं. सबोहत-खालांच्याही लक्षात आलं, तशी त्यांनी चिमटीतलं पीठ परातीत झटकलं आणि या वर्षी डाळिंबं कशी फुटकी निघाली त्यावर बोलायला सुरुवात केली. सकाळपासून असंच चाललं होतं. बोलता बोलता कुणाचा तरी पाय एका ठरावीक दगडाला लागायचा, की सगळ्या जणी तो दगड न दिसल्यासारखं करून वळसा घालायच्या.

थोरली लेक निगीना ताश्कंदला होती, हॉस्पिटलात. तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती आणि आज ती बदलायची होती. सकाळी जावयाचा, शुहरतचा, फोन आला होता, "आत नेलं, आई." इतकंच बोलून त्यानं ठेवला होता. डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं की छाती उघडून हृदय बंद करायचं, यंत्रावर रक्त फिरवत ठेवायचं, झडप शिवायची आणि मग हृदय पुन्हा चालू करायचं. डॉक्टर हे सगळं नळाची तोटी बदलावी तितक्या सहज सांगत होता म्हणे. रुखसोराच्या नवऱ्यानं, रजबनं, ते तसंच घरी येऊन सांगितलं. त्या क्षणापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली होती. आपल्या पोरीचं काळीज कुणीतरी बंद करणार. चालू झालं की शुहरत फोन करणार होता.

रुखसोरा स्वतः ताश्कंदला का गेली नाही, हे गल्लीत कुणी विचारलं नव्हतं. विचारायची गरज नव्हती. अर्धी गल्ली स्टेशनवर हजर होती.

त्या दिवशी निगीनाला गाडीत बसवताना तिची सासू इनोबत उशी घेऊन पुढे झाली, आणि रुखसोराचा तोल गेला. सगळ्या डब्यासमोर ती आपल्या विहिणीवर ओरडली, "तुम्ही राबवून राबवून माझ्या पोरीचं हे केलंत. आता उशी कसली देता?" इनोबतनं उशी खिडकीतून आत सरकवली आणि एक शब्द न बोलता बाजूला झाली. निगीनाचे ओठ निळसर झाले होते. ती खिडकीशी वाकून हलकेच म्हणाली, "आई, तू येऊ नकोस. घरीच थांब." त्यात राग नव्हता. राग असता तर रुखसोराला ते परवडलं असतं.

आता हातून काय होण्यासारखं होतं? जे आई-आजीच्या हातून होत आलं होतं, तेच. संकटात सापडलेल्या बाईनं मंगळवारी बीबीला, बायकांच्या हाकेला येणाऱ्या त्या पुण्यवान म्हातारीला, बोलवायचं. सात घरी जाऊन मूठमूठ पीठ मागायचं, त्याची पेज करायची, बायका जमवायच्या, ओयमुल्लाकडून बीबीची कथा वाचून घ्यायची. त्याच पिठातलं थोडं एका वाडग्यात सारखं करून पांढऱ्या रुमालाखाली झाकून ठेवायचं. कथा संपल्यावर रुमाल काढायचा. बीबी येऊन गेली असेल तर पिठावर खूण उमटते, कधी बोटांची, कधी कोंबडीच्या पावलासारखी. पुरुषाची सावली पडू द्यायची नाही. मनात अढी ठेवायची नाही. आणि पीठ मागूनच आणायचं. विकतचं नको, घरचं नको. हात पसरल्याशिवाय बीबी पावत नाही.

सहा घरं रुखसोरानं उजाडता उजाडता उरकली. तिनं अंगरख्याचा घोळ पसरून "बीबीच्या नावानं मूठभर द्या" म्हणायचं, आणि समोरचीनं काही न विचारता द्यायचं. सातवं घर कोणतं हेही ठरलेलंच होतं. ज्या बाईसाठी मागायचं, तिच्या सासरच्या घरची मूठ त्यात हवीच. पलीकडच्या गल्लीत, वाळलेल्या तळ्याच्या काठी, द्राक्षवेलीच्या मांडवाचं दार. रुखसोरा त्या दारावरून एकदा गेली. मग काहीतरी विसरल्यासारखं करून परत फिरली आणि आणखी एकदा गेली. दार सताड उघडं होतं. आतून निगीनाच्या छोट्या मुलीचा आवाज येत होता, ती कोंबड्यांना काहीतरी दटावत होती. रुखसोराचे पाय काही उंबऱ्याकडे वळले नाहीत.

घरी येऊन तिनं स्वतःच्याच डब्यात हात घातला आणि सातवी मूठ भरली. पिठावर काय नाव लिहिलेलं असतं? तेव्हा तिनं मनाची अशी समजूत घातली होती. आता चोळता चोळता तिला वाटत होतं, लिहिलेलं असतं की काय कुणास ठाऊक.

* * *

ओयमुल्ला मस्तुरा आल्या त्या गुडघे धरतच. गल्लीतल्या बायकांना कुराण त्याच शिकवत, बारसं-मयत त्याच बघत आणि दुखण्याखुपण्याला फुंकरही त्याच घालत. त्यांनी सपाता काढल्या, भिंतीला हात लावून श्वास घेतला आणि म्हणाल्या, "बीबीला म्हणावं पुढच्या वेळी तळमजल्यावरचं घर बघ."

"हा तळमजलाच आहे, ओयमुल्ला," सबोहत-खाला म्हणाल्या.

"मग माझे गुडघेच वरच्या मजल्यावर राहत असतील."

आणखी चार-पाच बायका आल्या, भिंतीकडेनं बसल्या. कुणी निगीनाचं नाव घेतलं नाही. एकीनं डॉक्टर फार हुशार असल्याचं ऐकलं होतं, एकीच्या चुलत दिराला अशीच झडप बसवली होती आणि तो आता पोतं उचलतो. मोहिनूरनं पांढरी चादर अंथरली. पाणी, मीठ आणि रोटी मांडली. कापूस गुंडाळलेल्या काड्या तेलात बुडवून तिनं वाळू भरलेल्या ताटलीत ओळीनं रोवल्या. कोनाड्यात पिठाचं वाडगं ठेवून रुखसोरानं चमच्याच्या पाठीनं पीठ सारखं केलं. इतकं सारखं की त्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला तरी सांडणार नाही. मग रुमाल टाकला.

"फोनचा आवाज बंद कर," मस्तुरांनी सांगितलं. "कथा सुरू झाली की मध्ये उठायचं नाही. उठलं की मोडली. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"सात घरं झाली?"

रुखसोरा वाडग्याजवळ उभी होती. तिची पाठ बायकांकडे होती हे बरं.

"झाली," ती म्हणाली.

मोहिनूरनं मान वर करून आईकडे पाहिलं. सकाळी डब्याचं झाकण वाजलं तेव्हा ती स्वयंपाकघरातच होती. ती बोलणार होती की नाही, देव जाणे. तेवढ्यात सबोहत-खालांनी तिला काड्या पेटवायला सांगितलं.

रुखसोरा मस्तुरांच्या समोर येऊन बसली. काड्या पेटल्या, तेलाचा आणि जळक्या कापसाचा वास पसरला. मस्तुरांनी पोथी गुडघ्यावर उघडली, चष्मा पुसला. तेवढ्या वेळात रुखसोरानं विचारून टाकलं, कारण नंतर विचारता आलं नसतं.

"ओयमुल्ला, काळीज थांबवतात ना, तेवढा वेळ माणूस कुठे असतं?"

बायकांच्या हातातल्या जपमाळा थांबल्या. मस्तुरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"ज्यानं दिलं त्याच्याकडे. ठेव म्हणून."

"आणि त्यानं परत दिलं नाही तर?"

"ठेव त्याचीच आहे, बाळा. आपण फक्त मागायचं. मागण्यात कसूर करायची नाही, बाकी त्याच्यावर." मग त्या जरा थांबल्या. "मागणं सोपं नसतं म्हणून तर बीबी सात दारं फिरवते. नाहीतर तिला काय, एका घरच्या पिठानं पोट भरलं नसतं?"

रुखसोरानं झटकन वर पाहिलं. म्हातारीला कळलंय की ती सहज बोलली? मस्तुरांचे डोळे पोथीवर गेले होते. त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं, आणि कथा सुरू झाली.

पोरक्या मुलीची ती कथा इथल्या प्रत्येकीला पाठ होती. कुठे रडायचं, कुठे "आमीन" म्हणायचं, सगळं ठरलेलं. रुखसोराच्या कानात आज एकही वाक्य शिरत नव्हतं. ती मनातल्या मनात तिसऱ्याच ठिकाणी होती.

वसंतातले ते दिवस. नवरोजच्या सुमारास इनोबत स्वतः निगीनाला घेऊन आली होती. याच अंगणात उभी राहून म्हणाली होती, "रुखसोरा, हिला जिना चढला की धाप लागते. माझ्या घरात पाहुण्यांची वर्दळ, तिथे हिला कुणी बसू देत नाही, आणि मी बस म्हटलं तरी ही बसत नाही. तुझ्याकडे ठेव थोडे दिवस. डॉक्टरला दाखव." आणि त्याच आठवड्यात मोहिनूरला बघायला लोक येणार होते. चांगलं घर, चांगला मुलगा. त्या बायका येणार, चहा पिणार, कानाकोपरा न्याहाळणार. दिवाणखान्यात थोरली बहीण उशांना टेकून निळ्या ओठांनी श्वास घेत बसलेली त्यांना दिसली तर? "हृदयाचं दुखणं आहे यांच्या घराण्यात," एवढं एक वाक्य गल्लीतून गेलं की मोहिनूरच्या दारात पुन्हा कुणी उभं राहणार नाही. रुखसोरानं लेकीला जेमतेम तीन रात्री ठेवून घेतलं. मग एका हंडीत सुमलक भरलं, नवरोजचं गोड, आणि तिच्या हातात दिलं. "सासरी बरी दिसतेस. बाईमाणसाला दम लागतोच. मलाही लागायचा." निगीनानं हंडी घेतली आणि गेली. दारात एकदा थांबली होती, जिना नव्हता तरी.

आणि ते लोक मोहिनूरला बघून गेले. पुन्हा आले नाहीत. कारण काहीच नव्हतं. त्यांना दुसरी कुणी आवडली असेल.

निगीनाला परत पाठवल्याचं गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. स्टेशनवर रुखसोरा ओरडत होती तेव्हाही ठाऊक होतं.

"आमीन," बायका म्हणाल्या. तीही मागोमाग म्हणाली.

आणि कोनाड्यात फोन थरथरला.

आवाज बंद होता, पण फोन चुन्याच्या कठड्यावर ठेवलेला. तो खरखरत, गोल फिरत, वाडग्याच्या काठाला लागून किणकिणायला लागला. सगळ्यांचे डोळे तिकडे वळले. मोहिनूर अर्धी उठली. रुखसोराचा एक गुडघा जमिनीवरून सुटला होता. सुरू झालं असेल काळीज. किंवा नसेल झालं. एका हाताच्या अंतरावर ते उत्तर चुना खरवडत होतं.

मस्तुरांनी मान वर केली नाही. त्यांचा आवाज थांबला नाही, फक्त थोडा जलद झाला.

उठलं की मोडली. पीठ तर आधीच खोटं होतं. आता कथाही मोडायची? रुखसोरानं गुडघा परत टेकला. अंगरख्याचा काठ दोन्ही मुठींत आवळून ती बसून राहिली. फोन वाजत राहिला, वाजत राहिला, मग थांबला. सबोहत-खालांनी आपला सुरकुतलेला हात तिच्या पाठीवर ठेवला आणि कथा संपेपर्यंत काढला नाही.

* * *

कथा संपली. दुआ झाली. तोंडावरून हात फिरवून होताच रुखसोरा कोनाड्याकडे झेपावली.

फोनवर शुहरतचं नाव नव्हतं, इनोबतचं होतं.

म्हणजे शुहरतनं आधी आपल्या आईला फोन केला. चांगली बातमी असती तर सासूला केला असता, तसं ठरलंच होतं. वाईट बातमी माणूस आधी स्वतःच्या आईला सांगतो. तिनं इनोबतला लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. शुहरतला लावला. बंद. निगीनाबरोबर गेलेल्या रजबला लावला, तर त्याचा फोन त्याच्या नेहमीच्या सवयीनं खिशात झोपलेला.

"अगं, नेटवर्क," एक बाई म्हणाली.

"ताश्कंदला काय नेटवर्कला तोटा?" दुसरी म्हणाली, आणि मग तिनं जीभ चावली.

"वाडगं बघा आधी," मस्तुरा म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण त्या भिंत धरून स्वतः उठल्या. त्यांनी रुमाल दोन टोकांनी उचलला. बायका मागे गोळा झाल्या.

पीठ जसंच्या तसं होतं. सपाट, पांढरं, गुळगुळीत. फोन आपटून वाडगं इतकं किणकिणलं होतं, तरी त्यावर एक भेगही नव्हती.

"उजेड कमी आहे," सबोहत-खाला म्हणाल्या.

भर दुपार होती. ऊन थेट कोनाड्यात पडलं होतं.

मस्तुरांनी रुमाल परत टाकला. "मी वजू करून येते. मोहिनूर, पाणी दे." बायका पेजेची वाटी, कुणाचं तरी मूल, अंगणातलं मांजर, अशी एकेक कामं काढून बाहेर पडल्या. त्या वाईट नव्हत्या. खोलीत उभं राहवत नव्हतं, एवढंच.

रुखसोरा वाडग्यासमोर एकटी उरली. तिनं रुमाल बाजूला केला. तीन बोटं. तीन बोटं हलकेच टेकवायची, कोंबडीच्या पावलासारखी. कुणाला कळणार? लहानपणी तिनं आपल्या मावशीला हेच करताना पाहिलं होतं. एका निपुत्रिक शेजारणीसाठी, काडेपेटीच्या तीन काड्यांनी. ती शेजारीण ढसाढसा रडली होती, आणि पुढे तिला जुळं झालं होतं. मावशी मरेपर्यंत सांगायची, काड्या माझ्या पण पाऊल बीबीचंच.

तिचं बोट पिठाच्या इतक्या जवळ गेलं की पिठाचा गारवा जाणवला.

पण मावशीनं दुसऱ्या बाईसाठी केलं होतं. हे स्वतःसाठी. बायका परत येतील, सुभानल्ला म्हणतील, तिच्या गळ्यात पडतील, आणि तिकडे ताश्कंदला निगीनाचं काळीज जिथे असेल तिथेच असेल. बीबीला सकाळीच एकदा फसवून झालं होतं. एका दिवसात दोनदा नको. तिनं हात मागे घेतला. आणि मग, कुणी नाही असं पाहून, ती वाडग्याशीच बोलली, पेजेची चव विचारावी तितक्या हळू.

"बीबी, तू आलीच नाहीस ते बरोबर केलंस. मीही माझ्या दारात आलेलीला परत पाठवली. माझ्यावर रुस. हवं तर जन्मभर रुस. तिच्यावर नको. तिनं काही केलेलं नाही."

तिला रडू आलं नाही. उलट छातीतली कसली तरी गाठ सैल झाल्यासारखी वाटली, आणि तेवढ्यानंच तिला भीती वाटली. हलकं वाटण्याचा आज तिला काय अधिकार?

अंगणाचं दार करकरलं. बाहेरची कुजबुज एकदम थांबली.

मोहिनूरचा आवाज आला, पातळ, ताणलेला. "आई."

* * *

इनोबत अंगणात उभी होती. डोक्यावर पांढरा रुमाल, पायात घरातल्या सपाता, दोन्ही हातांत कापडानं झाकलेलं काहीतरी. बायका दोन बाजूंना सरकल्या होत्या. या गल्ल्यांत फोन असताना माणूस स्वतः चालत येतं ते एकाच बातमीसाठी येतं. आणि येताना डोक्याला पांढरं बांधून येतं.

रुखसोरा उंबऱ्यातच थांबली. दाराची चौकट तिनं धरली, की चौकटीनं तिला, कोण जाणे.

"फोन का उचलला नाहीस?" इनोबत म्हणाली. तिला धाप लागली होती.

"कथा चालू होती." मस्तुरांनी उत्तर दिलं. त्या ओल्या हातांनी नळापाशी उभ्या होत्या. "काय झालं ते सांग, पोरी. कुणी इथे लहान नाही."

"शुहरतचा फोन होता. झडप बसवली." इनोबतनं श्वास घेतला. "काळीज चालू केलं, पण यंत्र काढलं की ठोका धरत नाही. दमलंय म्हणाले. पुन्हा यंत्रावर घेतलंय. जरा विश्रांती देणार आणि मग परत बघणार. शुहरतला बोलता येईना, तो रडत होता. तो म्हणाला, 'आई, तू निगीनाच्या आईला सांग, माझ्याच्यानं होणार नाही.'"

चुलीवरची पेज उतू जायला लागली, तिचा चर्र आवाज आला, तरी कुणी हललं नाही.

"म्हणजे आहे," रुखसोरा म्हणाली.

"आहे. अजून आहे."

"मग फोनवर..."

"केला की. तू उचलला नाहीस म्हणून आले. फोन छोटीच्या हातात राहिला, ती त्यात मांजरं बघतेय." इनोबत पुढे आली आणि हातातल्या वस्तूवरचं कापड तिनं बाजूला केलं. मातीचा वाडगा होता, पिठानं भरलेला. "आणि हे आणायचंच होतं. सकाळी माझ्या दारावरून दोनदा गेलीस. मी आतून बघत होते. म्हटलं, येईल. दार तेवढ्यासाठीच उघडं ठेवलं होतं, नाहीतर कोंबड्या बाहेर जातात म्हणून मी कधी उघडं ठेवत नाही."

मस्तुरांनी हळूच मान वळवून रुखसोराकडे पाहिलं. "मग सातवं घर कोणतं?"

"माझ्याकडून दोन मुठी नेल्या असतील," सबोहत-खाला घाईघाईनं म्हणाल्या. "मी देताना मोजत नाही. माझा हात तसा मोकळा आहे."

त्या खालांचा हात किती मोकळा आहे हे गल्लीला ठाऊक होतं, तरी कुणी हसलं नाही. रुखसोराला त्या म्हातारीच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

"माझंच," ती म्हणाली. "सातवं घर माझंच होतं."

इनोबतनं वाडगा पुढे केला. रुखसोरानं तो घ्यायला हात लांब केले, तर मस्तुरा मध्येच बोलल्या.

"असा नाही घ्यायचा. आणून दिलेलं चालत नाही. मागितलेलं लागतं."

"ओयमुल्ला, ती माझ्या दारात यायला हवी ना मग," इनोबत म्हणाली. "आता वेळ कुठे आहे? तिकडे ते पुन्हा यंत्र काढतील."

"दार काय लाकडाचंच असतं? तू उभी आहेस तिथे तुझं दार."

अंगणातल्या तुतीची दोन पिवळी पानं खाली आली. रुखसोरा उंबऱ्यावरून उतरली. चार पावलांचं अंगण होतं, रोज शंभरदा ओलांडायची. सकाळी सहा घरी तिनं अंगरख्याचा घोळ पसरला होता तेव्हा तो आपोआप पसरला होता. आता बोटांना काठ सापडेना. सापडला तेव्हा तिनं तो दोन्ही हातांनी धरून पुढे पसरला. विहिणीसमोर कापड पसरून उभी असलेली बाई. तिच्या आईनं पाहिलं असतं तर?

आईनंच शिकवलं होतं, हात पसरल्याशिवाय बीबी पावत नाही.

"बीबीच्या नावानं," ती म्हणाली. तिनं घोळ आणखी पुढे केला. "बीबीच्या नावानं मूठभर द्या, विहीणबाई. निगीनासाठी द्या."

इनोबतनं पिठात हात घातला आणि मूठ भरली. पण ती लगेच सोडली नाही. घट्ट मिटलेली मूठ तिनं रुखसोराच्या पसरलेल्या कापडावर तशीच धरली. बोटांच्या फटींतून थोडं थोडं पीठ गळत होतं. मोहिनूर दाराशी दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. बायकांपैकी कुणी डाळिंबांबद्दल बोललं नाही, चुलत दिराबद्दल बोललं नाही. वळसा घालायला जागाच उरली नव्हती.

"वसंतात ती तुझ्या दारात आली होती, रुखसोरा," इनोबत म्हणाली. ती ओरडली नाही, शेजारच्या गल्लीलाही ऐकू गेलं नसतं. "तू तिला परत पाठवलीस. आणि मी परत घेतली. मीच आणून सोडली होती, मला ठाऊक होतं तिला काय होतंय. तरी ती हंडी घेऊन दारात उभी राहिली तेव्हा मी तुला विचारायला आले नाही, भांडायला आले नाही. तिच्या हातातली हंडी घेतली आणि म्हटलं, आलीस, बरं झालं, पाहुणे आहेत. तू पाठवलीस आणि मी ठेवून घेतली. दोघींनी. आता दोघी मिळून मागू." आणि तिनं मूठ सोडली.